ग्राइंडरवर सुरीची मूठ घडवताना गोलाई शेवटी, आधी पैलू

तुझा प्रश्न थोडक्यात असा की २ बाय ७२ इंची बेल्टचा ग्राइंडर घेतलास, पात्याचे बेव्हल, म्हणजे धारेकडचे उतार, आता बरे यायला लागलेत, पण मूठ करायला घेतली की दरवेळी एक बाजू जाड एक बाजू बारीक, मध्येच कुठेतरी खळगा पडतो, पितळी पिनभोवती काळं कडं येतं, आणि त्यासाठी स्मॉल व्हीलचा, म्हणजे बेल्ट ज्यावरून फिरतो त्या लहान चाकांचा, सेट घ्यावा का. सेटचं आधी सांगून टाकतो, आत्ता नको. तुझी अडचण चाकांची नाहीये. तू मूठ लगेच गोल करायला जातोस, आणि गोल झालेल्या वस्तूला मोजायला काही उरत नाही, ही खरी अडचण आहे.

जोपर्यंत मुठीवर सपाट पृष्ठभाग आहेत, धारदार कोपरे आहेत, तोपर्यंत डोळ्याला कळतं की ही रेघ सरळ आहे की वाकडी, हा पट्टा तिकडच्या पट्ट्याइतकाच रुंद आहे की नाही. एकदा स्लॅक बेल्टवर, म्हणजे मागे आधार नसलेल्या मोकळ्या बेल्टवर, धरून सगळं गुळगुळीत केलंस की ते सगळे पुरावे गेले. मग हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं पण कुठे ते सापडत नाही, म्हणून अजून घासतो, मग दुसरी बाजू जुळवायला ती घासतो, आणि असं करत करत २२ मिमीची मूठ १५ वर येते. मी पहिल्या वर्षी अशा निदान सात-आठ मुठी बारीक करून टाकल्या असतील, त्यातली एक तर अक्षरशः पेन्सिलीसारखी झाली होती.

तू फुल टँग सुरी करतोयस असं धरून चालतो, दोन्ही बाजूंना स्केल्स म्हणजे पिना आणि गोंदाने बसवलेल्या लाकडाच्या फळ्या, मध्ये टँग म्हणजे पात्याचंच मुठीत जाणारं पोलाद. हिडन टँगला, म्हणजे ते पोलाद लाकडाच्या आत लपतं तेव्हा, थोडं वेगळं पडतं, तिथे मधली रेघ आपणच आखून घ्यावी लागते. फुल टँगला ती रेघ फुकटात मिळते, पोलादाची, आणि ती आपल्याच बाजूने साक्ष देते. लोक व्हर्नियरने मुठीची एकूण जाडी मोजतात आणि खूश होतात. एकूण २० आली म्हणजे झालं असं नसतं ना, एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला ७ अधिक टँग ४ असं पण २० च होतं. मोजायचं ते टँगपासून बाहेर, दोन्हीकडे वेगवेगळं. पाठीवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या अरुंद कडेवरून, बघितलं की मध्ये चकचकीत पोलादी पट्टी आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे पट्टे, ते दोन पट्टे सारखे दिसले पाहिजेत, एवढं एकच काटेकोरपणे पाळलंस तरी तुझा निम्मा प्रश्न सुटेल.

आता क्रम सांगतो, मी कसा करतो तो. बाकीचे वेगळं करत असतील, करू देत.

सगळ्यात आधी, चिकटवायच्याही आधी, स्केल्सचा पात्याकडचा पुढचा भाग पूर्ण संपवायचा. म्हणजे दोन्ही स्केल्स पिनांच्या भोकातून एकत्र अडकवून ती पुढची कड एकदमच घासायची, हवा तो उतार द्यायचा, आणि थेट ६०० ग्रिटपर्यंत (आकडा मोठा तितका कागद बारीक) पॉलिश पेपर मारून चकाकी पण आणायची. कारण एकदा पात्यावर बसल्या की तिथे बेल्ट नेता येत नाही, नेलास तर रिकासोवर, म्हणजे मुठीलगतच्या पात्याच्या बिनधारेच्या भागावर, ओरखडा गेलाच समज, आणि तो काढायला मग पातं परत पहिल्यापासून पॉलिश करायचं. एकत्र घासल्यामुळे दोन्ही बाजू समोरासमोर पण येतात.

इपॉक्सी पूर्ण सुकू दे. पाच मिनिटवाला असला तरी मी दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाही. मग पिनांचे बाहेर आलेले तुकडे हॅकसॉने कापून कानशीने लाकडाच्या जवळ आणायचे, ते तसेच बेल्टवर टेकवायचे नाहीत, तुझं काळं कडं बहुतेक इथेच येतंय. उंच पिन बेल्टला एकटीच लागते, सगळं घर्षण तिच्यावर, आणि ती तापते. यात पितळ आणि स्टेनलेसचं वागणं वेगळं. पितळ उष्णता झटकन आत नेतं, सरळ गोंदापर्यंत. स्टेनलेस उष्णता फारशी वाहून नेत नाही म्हणून ते वरच्या वरच लाल व्हायच्या बेताला येतं आणि कडेचं लाकूड करपवतं. म्हणजे पितळी पिनला काळं कडं दिसेपर्यंत आतला गोंद आधीच बरंच सोसून बसलेला असतो. साधा दोन भागांचा इपॉक्सी ६० ते ८० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतो. आपली बोटं बरीच आधी ओरडतात, धातू साधारण ५० च्या पुढे गेला की बोट ठेववत नाही. म्हणून मी मूठ घासताना हातमोजे घालत नाही, बोट हाच थर्मामीटर, सोसवेना झालं की बाजूला ठेवायची, दुसरी मूठ घ्यायची नाहीतर फॅनसमोर धरून दोन मिनिटं बसायचं. पाण्यात बुडवायचा मोह होतो, पण कच्च्या लाकडाला तो नको, पाणी पितं, फुगतं. मायकार्टा, जी१० सारख्या कृत्रिम साहित्याला बुडवलं तर चालतं. (मोजे नको म्हणायला अजून एक कारण, कापडी मोजा बेल्ट आणि प्लॅटन म्हणजे त्यामागची सपाट आधारपट्टी यांच्या फटीत सापडला की बोट सोबत जातं. ते बघायची वेळ येऊ नये कोणावर.)

आता बाहेरची आकृती. सपाट प्लॅटनवर ६० ग्रिट, रेस्ट म्हणजे काम टेकवायचा आधार ९० अंशात, आणि लाकूड टँगच्या कडेपर्यंत आणायचं, फक्त कडेपर्यंत. पोलादाला बेल्ट लागला की आवाज बदलतो, ठिणगी दिसते, तिथे थांब. बोटाच्या खाचेसारख्या आतल्या वळणांना प्लॅटन चालत नाही, तिथे कॉन्टॅक्ट व्हील (बेल्टमागचं मोठं चाक) नाहीतर स्मॉल व्हील लागतं हे खरं, पण एका-दोन खाचांसाठी अर्धगोल कानस आणि दांडीला गुंडाळलेला पॉलिश पेपर पुरतो. पुढेमागे घेशीलच तर एवढं लक्षात ठेव की चाकाची गोलाई खाचेच्या गोलाईपेक्षा जराशी लहान पाहिजे, बरोब्बर तेवढ्याच मापाचं चाक घेतलंस तर ते खाचेत बसून दोन्ही काठ खातं. आणि लहान चाक फार जोरात फिरतं, बेअरिंग तापतं, मशीनचा वेग कमी करायला लागतो.

वेगावरून आठवलं. पात्याला चालतो तो वेग मुठीला नको. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करायचं यंत्र, असेल तर मी मुठीला साधारण एक तृतीयांशवर आणतो, मिनिटाला हजार-दीड हजार फूट बेल्ट. व्हीएफडी नसेल तर दाब कमी आणि बेल्ट ताजा. जुना बेल्ट कापत नाही, नुसता घासतो, आणि घासला की उष्णता. पात्यावर झिजलेला बेल्ट लोक "मुठीला चालेल" म्हणून बाजूला ठेवतात, मीही ठेवायचो, तेच सगळ्यात वाईट. मुठीसाठी वेगळे बेल्ट ठेव, लाकडासाठी पोलाद न लागलेले. शिसवीसारखी तेलकट लाकडं बेल्ट लगेच भरून टाकतात, त्याला क्रेप रबराची कांडी मिळते साफ करायची, ती दर दोन-तीन मिनिटांनी लावत जा, बेल्टचं आयुष्य वाढतं आणि जळकट वास येणं पण थांबतं.

मग वरून बघितल्यावरचा आकार, म्हणजे जाडीचा. इथे बहुतेक लोक काही ठरवतच नाहीत, हात नेईल तिकडे. पाठीवर पेन्सिलीने आखून घ्यायचं. माझं नेहमीचं साधारण असं, टँग ४, स्केल्स ९-९, म्हणजे सुरुवात २२ ला. पुढे पात्याजवळ १८, तर्जनी-मधल्या बोटाच्या जागी कंबर १६ ते १७, मग तळव्यात बसणारा फुगवटा पूर्ण २२, आणि शेवटी किंचित कमी. फुगवट्याला मी हातच लावत नाही, तो मूळ जाडीचाच ठेवतो, बाकीचं त्याच्याभोवतीने उतरवतो. म्हणजे एक तरी जागा अशी राहते की जिथून दोन्ही बाजू मोजता येतात. कंबर काढायला मोठं कॉन्टॅक्ट व्हील उत्तम, ८ किंवा १० इंची, मूठ आडवी धरून, चाकावर टेकवून हळूहळू. चाक नसेल तर प्लॅटनच्या वर किंवा खाली जिथे बेल्ट रोलरवर वळतो तिथे पण होतं, जरा जपून.

आणि ही एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, स्वतः ठेचकाळून कळली. आपल्या प्रत्येकाची एक बाजू सोपी असते. मी उजव्या हाताचा, पातं डावीकडे असताना माझा हात सहज सरकतो, पातं उजवीकडे असलं की कोपर कुठे ठेवावं कळत नाही. मी आधी सोपी बाजू मस्त करायचो आणि मग अवघड बाजू तिच्याशी जुळवायला जायचो, ती काही जुळायची नाही, मग सोपी अजून खाली, असं चक्र. आता उलटं करतो. अवघड बाजू आधी, ती जशी येईल तशी, आणि मग सोप्या हाताने तिची नक्कल. चांगल्या हाताला नक्कल करता येते, वाईट हाताला येत नाही. फेऱ्या पण मोजायच्या, इकडे पाच तर तिकडे पाच, आणि मग टँगपासून माप. पाठोपाठ आठ-दहा फेऱ्या एकाच बाजूला मारायच्या नाहीत, कितीही मजा येत असली तरी.

आता पैलू. इथे खरा वेळ घालव.

या घडीला तुझी मूठ म्हणजे एक वाकडातिकडा पण चौकोनी ठोकळा आहे, कोपरे शाबूत. पाठीवर लाकडाच्या बाहेरच्या कडेपासून ६ मिमीवर आत एक रेघ, दोन्हीकडे. ९ चं स्केल म्हणजे टँगच्या प्रत्येक बाजूला ३ मिमी लाकूड उरतं, ते डोळ्याला फार छान कळतं, ३ लाकूड ४ पोलाद ३ लाकूड. बाजूच्या तोंडावर कडेपासून खाली ७-८ मिमीवर दुसरी रेघ. पोटाकडे, म्हणजे मुठीच्या खालच्या कडेला, पण तसंच. कंबरेत लाकूड मुळातच कमी आहे म्हणून तिथे ही रेघ जवळ येते, नाहीतर चँफर म्हणजे कोपऱ्याचा तिरका काप सरळ पोलादात जाईल, तर ती रेघ हाताने बाकदार काढायची, मुठीच्या आकाराच्या मागे मागे. मग प्लॅटनवर, रेस्ट काढून टाकून, दोन रेघांच्या मधला कोपरा उडवायचा. रेघ अर्धी दिसत राहिली पाहिजे, पूर्ण खायची नाही.

चारही कोपरे झाले की मूठ अष्टकोनी. आता पाठीवरून, पोटाकडून, पुढून, मागून, सगळीकडून बघ. कुठला पैलू रुंद कुठला अरुंद ते लांबून पण दिसतं, पैलूची कड जिथे आत शिरते तिथे खळगा, जिथे बाहेर येते तिथे उंचवटा. सगळं दुरुस्त करायचं ते इथेच करायचं, अजून हातात लाकूड आहे. ही पायरी मला इतकी आवडते की काही सुऱ्यांना मी इथेच थांबतो, नुसत्या कडा मोडतो, अष्टकोनी मूठ हातात फिरत नाही आणि दिसतेही छान.

पुढे जायचं असेल तर आठ कोपरे परत उडवून सोळा. हे आता फार हलक्या हाताने, ८० किंवा १२० ला. सोळा पैलू झाले की मूठ जवळपास गोल झालेलीच असते, आता स्लॅक बेल्ट, म्हणजे प्लॅटन नसलेला मोकळा भाग, त्यावर नुसत्या कडा पुसायच्या. इथे पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर मागे काहीतरी राहिलंय, मागे जा. स्लॅक बेल्टचं एक दुखणं आहे, तो मऊ, मागे आधार नाही, म्हणून जिथे जे मऊ ते जास्त खातो. पिन कडक, लाकूड मऊ, मग पिनभोवतीचं लाकूड खाली जातं आणि पिन गाठीसारखी वर राहते, बोट फिरवलं की लागते. तिला परत खाली आणायला प्लॅटनच पाहिजे, किंवा लाकडी ठोकळ्यावर लावलेला पेपर. म्हणून पिन असलेल्या पट्ट्यावर स्लॅक बेल्ट जमेल तेवढा कमी.

बेल्ट पण मऊ पाठीचा घे, जे-फ्लेक्स म्हणतात तो. जाड एक्स पाठीचा बेल्ट आकृती काढायला ठीक, पण वळणावर त्याची कड चाकूसारखी रुतते आणि आडवी रेघ पडते, ती काढायला अर्धा मिमी लाकूड जातं. जे-फ्लेक्सची कड दुमडते. बेल्ट प्लॅटनच्या बाहेर ३-४ मिमी सरकवून ट्रॅक केलास तर ती लोंबती कड लहान वळणात छान शिरते, तुला स्मॉल व्हीलची आठवणही येणार नाही.

शरीराचं सांगायचं राहिलं. मूठ मनगटाने फिरवायची नाही. कोपरं बरगड्यांना लावायची, गुडघे जरा सैल, आणि कमरेपासून डावी-उजवीकडे झुलायचं, एका दमात मुठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये थांबलास की तिथे खळगा, म्हणजे तुझा तो "मध्येच कुठेतरी" खळगा. बेल्टवर टेकवताना हात आधी हलत असला पाहिजे, उचलताना पण हलतच. मोठी गोलाई देताना एक सरकणं आणि एक वळणं अशा दोन्ही हालचाली एकदम होतात, ती सवय हातात यायला वेळ लागतो, मशीन बंद ठेवून वीस वेळा कर, लाज वाटू देऊ नको.

तपासायला पेन्सिल. सगळी मूठ पेन्सिलीने खरडून काळी करायची आणि एक हलकी फेरी मारायची, जिथे काळं राहिलं तो खळगा. दिवा वरून नको, एका बाजूने तिरपा पाहिजे, ट्यूबलाइटखाली सगळ्याच मुठी सुंदर दिसतात. आणि डोळे मिटून हातात धर, पकड बदल, उलटी धर, दाबून धर. मूठ गोल नको, लांबट अंडाकृती पाहिजे, साधारण २८ उंच आणि २०-२२ जाड, म्हणजे न बघता कळतं की धार कुठल्या दिशेला आहे. पूर्ण गोल मूठ ओल्या हातात फिरते, आणि फिरलेली सुरी कुठे लागेल सांगता येत नाही.

पात्याला सगळ्यात शेवटी धार. मूठ होईपर्यंत ते बोथटच पाहिजे, वर जाड कागद आणि टेप, रिकासोवर पातळ पत्र्याचा तुकडा ठेवून टेप, कारण नुसती टेप बेल्टने एका क्षणात फाटते. टोक कधीही बेल्टच्या येण्याच्या दिशेला करायचं नाही, अडकलं तर सुरी हातातून फेकली जाते. आणि धूळ, हे कंटाळवाणं आहे पण सांगतो. जी१० म्हणजे काचेचे धागे, कार्बन फायबर त्याहून वाईट, हाडाची धूळ, शिसव-रोझवूड जातीच्या लाकडांची धूळ बऱ्याच जणांना अ‍ॅलर्जी देते आणि दरवेळी वाढत जाते. कापडी मास्क नाही, पी१०० फिल्टरवाला रेस्पिरेटर. एक चूक माझी सांगतो, लाकडाचा भुसा भरलेल्या डस्ट कलेक्टरमध्ये पोलादाच्या ठिणग्या गेल्या आणि तासाभराने पिशवीतून धूर, मी तेव्हा बाहेर पडायच्या बेतात होतो. तेव्हापासून पोलाद आणि लाकूड, दोन वेगळे डबे, पोलादाच्या डब्यात पाणी.

१२० नंतर मी मशीन बंद करतो. २२० चा बेल्ट लावून बघ, काम होतं, पण आडव्या रेघा राहतात आणि त्या लाकडाच्या रेषांना छेदतात, तेल लावलं की ठळक दिसतात. कापडी पाठीचा पॉलिश पेपर इंचभर पट्ट्यांत फाडायचा, पातं जाड कापडात गुंडाळून शिकंज्यात धरायचं आणि बूट पॉलिश करतात तशी पट्टी ओढायची, मग तोच ग्रिट लांबीच्या दिशेने, आडव्या रेघा जाईपर्यंत. १५०, २२०, ३२०, ४००. मध्ये एकदा ओल्या फडक्याने लाकूड पुसून सुकू द्यायचं, तंतू उभे राहतात ते कापून टाकायचे, नाहीतर पहिल्या धुण्यातच मूठ खरखरीत. फिकट लाकूड असेल तर पिनची धातूची पूड त्याच्या छिद्रांत बसून राखाडी डाग पडतो, तिथे ओलं घासायचं नाही, पुसायचं पण नाही, हवेने उडवायचं. तेल कुठलं ते तुझ्या आवडीवर, मी जवसाचं उकळलेलं वापरतो, पातळ चार-पाच हात. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नको, त्या आपोआप पेटतात, पसरून सुकव.

आता तुझ्या हातात जी वाकडी मूठ आहे तिचं. टँगपासून दोन्हीकडे फुगवट्याच्या जागी माप. बारीक बाजू ६ मिमीच्या वर असेल तर जाड बाजूवर परत पैलू पाड, हो, गोल झालेल्यावरच रेघा आखून परत चँफर काढ, आणि तिला खाली आण, मूठ जराशी सडपातळ होईल पण सरळ होईल. ६ च्या खाली असेल तर वाचवत बसू नको. पिना ड्रिल करून काढ, टँगला बाहेरून हळूहळू गरम कर, पात्याला ओलं फडकं गुंडाळून, इपॉक्सी सुटेल, स्केल्स पटाशीने उचलून टाक. आणि नवीन चांगलं लाकूड लावायच्या आधी एक मूठ कुठल्याही फालतू लाकडाची कर, नुसत्या पिनांवर, गोंद न लावता, अष्टकोनापर्यंत ने आणि आठवडाभर तशीच वापर.